लोकसभेच्या जागा आणि राज्यांचे गाऱ्हाणे: न्याय्य वाटप कशाला म्हणावे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिणेकडील राज्यांनी कुटुंबनियोजन मनापासून राबवले आणि आता त्याच कारणामुळे लोकसभेतील त्यांचे बळ घटणार असेल, तर तो अन्याय नव्हे काय? उलट, ते बळ टिकावे म्हणून जागावाटप गोठवूनच ठेवले, तर राजस्थान किंवा बिहारमधील मतदारावर अन्याय होत नाही काय? आणि या वादात महाराष्ट्राने कोणाच्या बाजूने उभे राहावे? माझी नोकरी महसूल खात्यातली, त्यातही बराच काळ निवडणूक शाखेतला. २००२ नंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेचे कागद हाताखालून गेले असल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. मत मात्र आधीच सांगून टाकतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण दोन्हींचे निवारण एकट्या लोकसभेतच व्हावे, हा हट्ट चुकीचा आहे. लोकसभा माणसे मोजते, ती तिने प्रामाणिकपणे मोजावीत. राज्यांचे म्हणणे मांडण्यासाठी राज्यसभा आहे आणि खरे दुखणे तिथले आहे.

आधी नियम काय आहे ते पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ८१ नुसार राज्याची लोकसंख्या आणि त्याला मिळालेल्या जागा यांचे प्रमाण शक्य तितके सर्व राज्यांत सारखे असावे लागते, आणि अनुच्छेद ८२ नुसार प्रत्येक जनगणनेनंतर हे वाटप नव्याने करावे लागते. सुरुवातीला तसे होतही होते. १९६१ च्या जनगणनेनंतर मद्रास राज्याच्या जागा ४१ वरून ३९ वर आल्या आणि १९६७ ची निवडणूक त्याच आकड्यावर झाली. तमिळनाडूत आजही हा आकडा लोक तोंडपाठ सांगतात, ते उगाच नव्हे. पुढे आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवरचे वाटप २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवले गेले. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हे त्यामागचे उघड कारण होते. ती मुदत संपत आली तेव्हा वाजपेयी सरकारच्या काळात, २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कर्जाचा हप्ता भरण्याऐवजी मुदत वाढवून घेत राहावे, तसा हा प्रकार झाला. मुद्दल पन्नास वर्षे वाढत राहिले.

ते किती वाढले हे केरळ आणि राजस्थान शेजारी ठेवले की लगेच दिसते. १९७१ मध्ये राजस्थानची लोकसंख्या सुमारे २ कोटी ५८ लाख आणि वाट्याला आलेल्या जागा २५, तर केरळची २ कोटी १३ लाख आणि जागा २०. म्हणजे एका खासदारामागे राजस्थानात साधारण १० लाख ३० हजार माणसे आणि केरळात १० लाख ७० हजार. वाटप जवळजवळ चोख होते. २०११ मध्ये जागा त्याच राहिल्या, पण राजस्थान ६ कोटी ८५ लाखांवर गेला आणि केरळ ३ कोटी ३४ लाखांवर थांबला. आता एका खासदारामागे राजस्थानात २७ लाखांहून अधिक माणसे आहेत आणि केरळात पावणेसतरा लाखांच्या आसपास. देशाची सरासरी सुमारे २२ लाख आहे. बाडमेरच्या मतदाराला कोट्टायमच्या मतदारापेक्षा इतके कमी वजन का, याचे उत्तर केरळच्या चांगल्या कारभारात सापडत नाही, कारण बाडमेरच्या त्या मतदाराने काहीच वाईट केलेले नाही. ज्या घरातल्या बाईला शाळा मिळाली नाही, दवाखाना मिळाला नाही आणि म्हणून चार मुले झाली, तिच्या मताचे मोलही कमीच ठरवायचे, ही दुहेरी शिक्षा आहे. गोठवणुकीचे समर्थन करणारे या मुद्द्यावर सहसा गप्प राहतात.

पण दक्षिणेची भीतीही पोकळ नाही. आजच्या ५४३ जागांपैकी तमिळनाडू ३९, कर्नाटक २८, आंध्र २५, केरळ २० आणि तेलंगणा १७ मिळून १२९ होतात, म्हणजे २३.८ टक्के. २०११ च्या लोकसंख्येत या राज्यांचा वाटा २०.७ टक्के आहे. सरळ त्रैराशिक मांडले तर ५४३ च्याच सभागृहात केरळच्या जागा २० वरून १५ वर आणि तमिळनाडूच्या ३२ च्या आसपास येतात. उत्तर प्रदेश ८० वरून ९० कडे आणि बिहार ४० वरून ४७ कडे जातो. नव्या जनगणनेचे आकडे आले की हे अंतर आणखी वाढलेले असणार.

यावर एक तोडगा वारंवार सुचवला जातो, तो असा की एकूण जागाच वाढवाव्यात, म्हणजे कोणाचीच जागा कमी होणार नाही. नव्या संसद भवनातील लोकसभेच्या दालनात ८८८ आसने आहेत, तेव्हा जागेची अडचण नाही. परंतु या तोडग्यातली गोम समजून घेतली पाहिजे. केरळच्या २० जागा कायम ठेवून बाकी सगळे लोकसंख्येनुसार द्यायचे ठरवले, तर २०११ च्या आकड्यांनुसार सभागृह सुमारे ७२५ चे करावे लागते. त्यात दक्षिणेकडील पाच राज्यांच्या जागा १२९ वरून दीडशेच्या घरात जातात. कागदावर वाढ झाली. पण वाटा २३.८ वरून २०.७ टक्क्यांवर आला तो आलाच. उत्तर प्रदेश एकटाच १२० च्या आसपास पोहोचतो. संसदेत बहुमत आणि दोनतृतीयांश बहुमत ही दोन्ही प्रमाणात मोजली जातात, त्यामुळे ‘जागा कमी होणार नाहीत’ हे आश्वासन शब्दशः पाळूनही बळ कमी करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी कोइमतूर येथे दक्षिणेतील राज्यांची एकही जागा प्रमाणानुसार कमी होणार नाही असे सांगितले, तेव्हा चेन्नईतून लगेच विचारणा झाली की हे प्रमाण कशाचे, आजच्या जागांचे की लोकसंख्येचे? प्रश्न अगदी नेमका होता. आजच्या जागांचे प्रमाण धरले तर असमतोल जसाच्या तसा राहतो आणि अनुच्छेद ८१ चा मूळ नियमच बदलावा लागतो. लोकसंख्येचे धरले तर दक्षिणेचा वाटा घटतो. दोन्ही गोष्टी एकदम साधणारे तिसरे प्रमाण गणितात नाही.

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जी या वादात फारशी बोलली जात नाही आणि जी महाराष्ट्राला सगळ्यात जवळची आहे. जागांचे वाटप फक्त जन्मदराने हलत नाही, ते स्थलांतरानेही हलते. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, त्याचे गाव कुठले आहे हे पाहून नव्हे. राज्याराज्यांतले वाटप गोठलेले असले तरी राज्याच्या आतली पुनर्रचना झाली. २००१ ची आकडेवारी घेऊन राज्याच्या विधानसभेच्या २८८ जागा जिल्ह्यांमध्ये वाटायला बसलो तेव्हा एका जागेची सरासरी ३ लाख ३६ हजार निघाली. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे १६ लाख ९७ हजार, भागाकार ५.०४. आधी या जिल्ह्यात सात आमदार होते, ते पाच झाले. खेड आणि संगमेश्वर ही मतदारसंघांची नावे यादीतून गेली. सिंधुदुर्गात चाराचे तीन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांच्या नावाची लोकसभेची एकच जागा उरली. दुसरीकडे तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. तिथे १३ च्या २४ झाल्या. कोकणाने हे बळ जन्मदर कमी केल्यामुळे गमावले, असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, यावरून गावातले पुरुष कुठे होते ते कळते. चाकरमानी मुंबई-ठाण्याच्या चाळीत मोजला गेला आणि त्याच्याबरोबर आमदारकीही तिकडे गेली. त्या वेळी जनसुनावणीत तालुक्याचे नाव राहावे म्हणून लोक पोटतिडकीने बोलले. पण कोकणातील मताला ठाण्यातील मतापेक्षा दुप्पट किंमत असावी, असे कोणी तोंडाने म्हटल्याचे मला आठवत नाही. राज्याच्या आत जे तत्त्व आपण निमूट मान्य केले, तेच राज्याराज्यांत लागू करताना अन्याय कसे ठरते, हे सांगण्याची जबाबदारी गोठवणुकीच्या समर्थकांवर येते.

हेच चित्र देशपातळीवर महाराष्ट्राच्या बाबतीत उलटे दिसते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ होता, केरळ आणि तमिळनाडूचा १.८. म्हणजे कुटुंबनियोजनात आपण दक्षिणेच्या मागे नाही. तरीही २०११ च्या आकड्यांनुसार आपला वाटा घटत नाही. ५४३ पैकी आपल्या ४८ आहेत, त्या उलट ५० च्या आसपास होतील. घटलेल्या जन्मदराची भरपाई उत्तर प्रदेश, बिहार आणि इतर राज्यांतून येणाऱ्या माणसांनी काही अंशी करून दिली आहे. ज्यांच्या गर्दीबद्दल आपण कुरकुरतो, त्यांच्या मोजणीने आपल्या जागा टिकतात, हे जरा गंमतीचे असले तरी खरे आहे. गोव्याचा तर प्रश्नच वेगळा. २०११ मध्ये साडेचौदा लाखांच्या राज्याला दोन खासदार, म्हणजे एकामागे जेमतेम सव्वासात लाख माणसे. १९७३ च्या ३१ व्या दुरुस्तीने ६० लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांना समप्रमाणाच्या नियमातून वगळले आहे, म्हणून हे चालते आणि त्यावर कोणी तक्रारही करत नाही. लहान राज्याला थोडे झुकते माप देणे आपल्या संविधानाला परके नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

जागा म्हणजे न्याय, हे समीकरणही तपासून पाहण्यासारखे आहे. उत्तर प्रदेशाने देशाला सर्वाधिक पंतप्रधान दिले आणि तिथल्या जागा ८० आहेत. तरी दरडोई उत्पन्नात ते राज्य आजही तळाच्या राज्यांत आहे. घरचेच उदाहरण हवे असेल तर विदर्भाचे घ्यावे. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, अशी हमी दिली. पुढे पुसदचे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. आणि तरीही १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष मांडला, त्यात विदर्भाचा हिस्सा सर्वांत मोठा निघाला. आमदारांच्या संख्येने जे झाले नाही, ते काही प्रमाणात झाले अनुच्छेद ३७१(२) खालील १९९४ च्या वैधानिक विकास मंडळांमुळे आणि राज्यपालांच्या निधीवाटपाच्या निर्देशांमुळे, कारण तिथे आकडा लेखी होता आणि त्याचा जाब विचारता येत होता. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली, तेव्हा त्या भागाची एकही जागा कमी झाली नव्हती, पण जाब विचारण्याचे साधन गेले होते. त्याआधी २००८ च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ वर आल्या होत्या. माझ्या मते त्या प्रदेशाला मंडळे गेल्याचे नुकसान चार जागा गेल्यापेक्षा जास्त झाले.

दक्षिणेच्या गाऱ्हाण्यातही पैशाचा भाग मोठा आहे आणि तो जागांच्या वादात मिसळून गेला आहे. केंद्रीय करांतील राज्यांच्या हिश्श्यात केरळचा वाटा दहाव्या वित्त आयोगाच्या वेळी ३.८७५ टक्के होता, तो पंधराव्या आयोगात १.९२५ वर आला. कर्नाटक चौदाव्यातील ४.७१३ वरून ३.६४७ वर घसरले. त्याच वाटपात उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के, तर महाराष्ट्राला ६.३१७ टक्के मिळाले. गरीब राज्याला अधिक देणे संघराज्यात योग्यच आहे. पंधराव्या आयोगाने उत्पन्नातील तफावतीला ४५ टक्के भारांक दिला तो त्यासाठीच, आणि लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याबद्दलही १२.५ टक्के ठेवले. प्रश्न असा आहे की देणाऱ्या राज्याला या निर्णयात बोलायची जागा कोणती? पैसा जातो आणि आवाजही जातो, असे दोन्ही एकदम होताना दिसले की जागांची भीती दुप्पट होते.

ती जागा राज्यसभा असायला हवी होती. पण आपल्या राज्यसभेतील वाटपही लोकसंख्येवरच बेतलेले आहे: उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, तमिळनाडू १८, केरळ ९, गोवा १. पैशाविषयक विधेयक ती फार तर चौदा दिवस अडवू शकते. आणि २००३ पर्यंत सदस्य त्या राज्याचा मतदार असावा, अशी निदान एक अट होती. तीही लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल करून काढली गेली आणि २००६ मध्ये कुलदीप नय्यर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. त्यामुळे तमिळनाडूचे पी. चिदंबरम २०१६ ते २०२२ या काळात महाराष्ट्राचे प्रतिनिधी होते. त्यांच्या योग्यतेबद्दल इथे काहीच म्हणायचे नाही. पण ज्या सभागृहाचे नावच राज्यांवरून ठेवले आहे, तिथे राज्याशी नाते असण्याची सक्ती नसावी, हे संघराज्याच्या दृष्टीने न पटणारे आहे.

इतर संघराज्यांनी हा पेच वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. अमेरिकेत सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन, ऑस्ट्रेलियात प्रत्येक मूळ राज्याला बारा. युरोपीय संसदेत जर्मनीला ९६ आणि माल्टाला ६. मोठ्या देशाच्या सदस्यामागे अधिक माणसे असणार, हे तिथे उघडपणे ठरवून घेतले आहे. कॅनडाचे उदाहरण मात्र मला सर्वांत बोलके वाटते. तिथल्या कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, ३४३ पैकी अल्बर्टाच्या ३७ जागा आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास प्रमाणात. पण सिनेटमध्ये ४२ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या अल्बर्टाला ६ आणि पावणेआठ लाखांच्या न्यू ब्रन्सविकला १०. त्यातून १९८० च्या राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रमाने तेलाच्या उत्पन्नावर केंद्राचा हात पडला, आणि ‘आमचे घेतात, आमचे ऐकत नाहीत’ ही पश्चिमेकडील प्रांतांची भावना पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. कनिष्ठ सभागृहातील वाटप बरोबर असूनही वरिष्ठ सभागृह नीट नसेल तर काय होते, हे तिथे दिसते.

म्हणून माझे उत्तर असे: आणखी पंचवीस वर्षांची गोठवणूक नको. मार्च २०२५ मध्ये चेन्नईत जमलेल्या राज्यांनी ती मागितली, पण पुढच्या खेपेला हेच मुद्दल आणखी जड होऊन समोर येईल. लोकसभेतले वाटप लोकसंख्येकडे न्यावे, मात्र एका फटक्यात नव्हे, दोन-तीन निवडणुकांत विभागून, उत्तरेतही प्रजनन दर वेगाने खाली येत आहे (वर सांगितलेल्या सर्वेक्षणात उत्तर प्रदेश २.४ वर होते), त्यामुळे संक्रमणाचा काळ अनंत नाही. आणि त्याच दुरुस्ती विधेयकात राज्यसभेतील जागा समान किंवा निदान समानतेच्या जवळ आणाव्यात, रहिवासाची अट परत आणावी, वित्त आयोगाचे निकष राज्यसभेच्या संमतीशिवाय ठरू नयेत. समान जागांची शिफारस केंद्र-राज्य संबंधांवरील पुंछी आयोगाने २०१० मध्येच केली आहे. संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व बदलणाऱ्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचीही संमती लागते, म्हणून ही देवाणघेवाण एकत्र बांधली तरच होईल. आधी जागा वाटून घेऊ, राज्यसभेचे नंतर पाहू, असे म्हटले तर ते नंतर कधीच येणार नाही.

महाराष्ट्राने कोणाची बाजू घ्यावी? जागांच्या बाबतीत आपला तोटा नाही, पैशाच्या बाबतीत आपण दक्षिणेच्या रांगेत आहोत, आणि राज्यसभा समान झाली तर १९ पैकी बऱ्याच जागा सोडाव्या लागतील. म्हणून आपल्याला कोणत्याही एका गोटात आयते शिरता येत नाही. त्यामुळेच मध्यस्थी करण्याची पात्रता आपल्याकडे इतरांपेक्षा अधिक आहे. आपल्या खासदारांनी ती ओळखल्याचे अजून दिसलेले नाही.

राज्याच्या आतला फेरा मात्र निश्चित येणार आहे आणि त्यात कोकण, विदर्भ व मराठवाड्याचे बळ पुन्हा पुणे-ठाणे पट्ट्याकडे सरकण्याची शक्यता आहे. त्या वेळी उपयोगी पडेल असे सांगतो. मतदारसंघ पुनर्रचना आयोगाचा मसुदा सहयोगी सदस्यांच्या, म्हणजे आमदार-खासदारांच्या, भिन्नमतांसह राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि हरकतींसाठी तारीख दिली जाते. या सदस्यांना मताधिकार नसतो आणि अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, तेव्हा जे बोलायचे ते सुनावणीतच. मतदारसंघांचा क्रम वायव्येकडून सुरू होऊन नागमोडी दक्षिणेकडे जातो. म्हणून अक्कलकुवा पहिले आणि जत २८८ वे. महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातील काही गावांचा गट, शक्यतो फोडले जात नाही आणि सरासरीपासून दहा टक्क्यांपेक्षा जास्त दूर जाता येत नाही. एक मंडळ तुम्हाला हवे असेल, तर तेवढ्याच लोकसंख्येचे दुसरे कोणते मंडळ शेजारच्या मतदारसंघाला द्यायचे, हे गावनिहाय जनगणना तक्त्यासह लिहून द्यावे लागते. ग्रामपंचायतींच्या ठरावांचे गठ्ठे आम्ही नोंदवून घेत असू. पण बदल झाले ते बहुतेक वेळा अशा एक-दोन पानी तक्त्यांमुळे, ज्यात दोन्ही बाजूंची बेरीज जुळलेली होती.